मशीन हेडचा मोठा बॉक्स घ्यावा का, आणि रीमास्टर-रीमिक्सचा घोळ

प्रश्न असा आलाय: डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'मशीन हेड' हा अल्बम वर्षानुवर्षं फोनवर ऐकतोय, आता ५० वर्षांच्या निमित्ताने जो मोठा बॉक्स सेट निघालाय तो मागवायचा विचार आहे, त्यात ड्वीझिल झॅपाने नव्याने मिक्स केलाय म्हणे, तर पैसे टाकावेत का? आणि रीमास्टर नि रीमिक्स यात फरक काय, कारण सगळेच दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात.

उत्तर आधी देऊन टाकतो, कारण सगळं वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. बॉक्स घ्यायचाच असेल तर त्यातल्या मार्च १९७२ च्या लाइव्ह कार्यक्रमासाठी घ्या, नव्या मिक्ससाठी नको. नवा मिक्स आधी स्ट्रीमिंगवर ऐका, तिथे आहे. आणि १९७२ चा मूळ मिक्स कुठल्याही परिस्थितीत हातचा सोडू नका, कारण अल्बम म्हणजे तोच, बाकी सगळं त्यावरचं भाष्य आहे. आता हे असं का म्हणतोय ते सांगतो, थोडं लांबेल.

मी मिक्सिंग-मास्टरिंगचं काम करतो, पोटासाठी जाहिराती आणि मालिका, मनासाठी अधूनमधून एखादा बँड. त्यामुळे माझं ऐकणं जरा धंदेवाईक आहे हे गृहीत धरा. फॅन म्हणून मला बँडचा गिटारिस्ट ब्लॅकमोर याच्याबद्दल तासभर बोलता येईल पण इथे आवाजाबद्दल बोलतो.

या अल्बमचा आवाज कुठून आला हे समजलं नाही तर रीइश्यूची, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांची, भानगडही समजत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ. १९७१ च्या डिसेंबरात बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेला, जिनिव्हा लेकच्या काठावरचं गाव. आधीचा अल्बम 'फायरबॉल' दौऱ्यांच्या फटींमध्ये तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड झाला होता आणि त्यांना तो मनासारखा वाटला नव्हता. गायक गिलन कावीळ होऊन आजारी पडला, अमेरिकेचा दौरा रद्द झाला, आणि त्यामुळे अचानक मोकळे आठवडे हाती आले. स्टुडिओत नको, स्टेजवर वाजतो तसा आवाज हवा, असं ठरलं. म्हणून रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेला कंट्रोल रूम, आणि वाजवायला तिथल्या कॅसिनोचा हॉल, जो हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बंद होणार होता.

बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला, अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्याचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. माँत्रो जॅझ फेस्टिव्हलचा संस्थापक क्लॉद नोब्ज आत धावून धावून पोरांना बाहेर काढत होता, सुदैवाने कुणी दगावलं नाही. धूर लेकवर पसरला आणि तो डीप पर्पलवाल्यांनी पाहिला. इथून पुढचं 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यातच आहे, गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ, फक्त गाण्यात जे येत नाही ते जास्त कामाचं आहे.

नोब्जने मग त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री एक ट्रॅक वाजवला, नाव अजून नव्हतं, नुसतं 'टायटल नंबर वन' म्हणून ओळखायचे. शेजारपाजारच्या लोकांनी आवाजाच्या तक्रारी केल्या, पोलीस आले, बँडची माणसं दार धरून उभी आणि आत टेक, म्हणजे सलग रेकॉर्डिंग, चालू. तो टेक पदरात पडला आणि पॅव्हिलियन हातचं गेलं. तोच ट्रॅक पुढे 'स्मोक ऑन द वॉटर' झाला. शब्द नंतर, म्हणजे अल्बमला गाणी कमी पडतायत हे लक्षात आल्यावर, गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हरने लिहिले. नाव ग्लोव्हरला झोपेतून उठताना सुचलं आणि सुरुवातीला त्यांनाच वाटलं की हे नशापाण्याचं गाणं वाटेल.

बाकीचा अल्बम ग्रँड हॉटेलात झाला. सीझन संपल्यामुळे हॉटेल बंद, रिकामं आणि गारठलेलं. ट्रक बाहेर उभा, केबली आत ओढलेल्या, कॉरिडॉरमध्ये ड्रम्स आणि अँप मांडलेले, आवाज घुमू नये म्हणून खोल्यांमधल्या गाद्या आणून उभ्या केलेल्या. टेक झाल्यावर ट्रकमध्ये जाऊन ऐकायचं म्हणजे खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, मागच्या दारांनी असा वळसा घालत जावं लागायचं, इतका वैताग की त्यांनी प्लेबॅक ऐकणंच सोडून दिलं. जमलं असं वाजवणाऱ्यांना वाटेपर्यंत वाजवायचं, बस.

माझ्या मते हा अख्ख्या अल्बमचा कणा आहे. आजकाल माणूस एक ओळ वाजवतो आणि स्क्रीनकडे बघतो, वेव्हफॉर्म सरळ आहे का, ठोका ग्रिडवर पडलाय का. इथे पाच जण एकमेकांकडे बघून वाजवतायत आणि ट्रकमध्ये मार्टिन बर्च नावाचा इंजिनिअर एकटा कान लावून बसलाय. तोच बर्च जो पुढे आयर्न मेडनचे अल्बम करणार होता. १६ ट्रॅकची टेप, दोन इंच रुंद. १६ म्हणजे आज ऐकायला काहीच नाही, आमच्याकडे नुसत्या कोरसला तेवढे जातात. पण १६ असले की ठरवावं लागतं, ड्रम्सना किती माइक द्यायचे, कुठला आवाज टेपवर जातानाच एकत्र करायचा, नंतर बघू हा पर्याय फार कमी ठिकाणी असतो. म्हणजे मिक्सचे अर्धे निर्णय रेकॉर्डिंगच्या वेळीच टेपवर पक्के झालेले असतात आणि ५० वर्षांनी कुणीही कितीही चांगलं सॉफ्टवेअर घेऊन बसला तरी ते सुटे होत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा फरकाचा प्रश्न. रीमास्टर म्हणजे झालेला स्टिरिओ मिक्स तसाच ठेवून त्याच्यावर केलेलं काम. डावी-उजवी मिळून दोन ट्रॅकची मास्टर टेप घ्यायची, ती चांगल्या मशिनवर वाजवून डिजिटल करायची, थोडा बास, थोडी वरची चमक, गाण्या-गाण्यांमधली पातळी, आणि शेवटी एकूण आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवायचं. गिटार आणि ऑर्गनचं आपसातलं प्रमाण इथे बदलता येत नाही, ते आधीच एकजीव झालेलं असतं. रीमिक्स म्हणजे त्याच्या मागे जायचं, १६ ट्रॅकची टेप काढायची आणि पाटी कोरी करून पुन्हा सगळं मांडायचं, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण पुढे, कुणाला किती एको. रीमास्टर म्हणजे जुन्या वाड्याला रंगरंगोटी, रीमिक्स म्हणजे पायावर नव्या भिंती. कंपन्या मात्र स्टिकरवर दोन्ही अशा काही थाटात छापतात की घेणाऱ्याला वाटतं सगळं एकच.

मशीन हेडच्या बाबतीत ही भानगड जास्त नाजूक आहे आणि त्याचं कारण बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड. त्याचा हॅमंड ऑर्गन, आपल्या संगीत नाटकातला पायपेटीचा ऑर्गन नव्हे, हा विजेवरचा अजस्त्र प्राणी, आणि लॉर्ड तो थेट मार्शलच्या गिटार अँपमधून वाजवायचा. त्यामुळे ऑर्गनही गिटारसारखा गुरगुरतो. म्हणजे आवाजाच्या मधल्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो, तिथे ब्लॅकमोरची स्ट्रॅट गिटार आणि लॉर्डचा हॅमंड दोघं खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्यांच्याच वर गिलनचा आवाज. या तिघांची वाटणी म्हणजे मशीन हेडचा मिक्स. एकाला जरा पुढे काढलं की दुसरा गायब होतो. 'स्मोक'चा रिफ, म्हणजे तो पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, नीट ऐका, गिटारच्या अंगाला ऑर्गन असा चिकटलाय की बऱ्याच लोकांना ती एकच जाडजूड गिटार वाटते. रीमिक्स करणारा जेव्हा म्हणतो की मी वाद्यं वेगवेगळी स्वच्छ ऐकू येतील अशी केली, तेव्हा मला थोडी धास्तीच वाटते, कारण इथे ती चिकटलेली असणं हीच गंमत आहे.

(रिफचा विषय निघालाच आहे तर, गिटारवाल्यांनो, तो पॉवर कॉर्डने, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पाचवा सूर एकत्र धरून, वाजवायचा नाही. त्यातले दोन-दोन सूर चौथ्या सुराच्या (फोर्थच्या) अंतरावर आहेत, पाचव्याच्या (फिफ्थच्या) नाही, आणि ब्लॅकमोर पिक न वापरता बोटांनी दोन्ही तारा एकदम खेचतो, म्हणून दोन्ही सूर एका क्षणी सुटतात. पिकने मारलात की एकामागून एक सुटतात आणि रिफ खरवडल्यासारखा होतो. म्युझिक शॉपमध्ये शनिवारी जे ऐकू येतं ते दहातलं नऊ वेळा चुकीचं असतं, दुकानदाराचा चेहरा बघा.)

आता आवृत्त्यांकडे येऊ.

मूळ अल्बम आला मार्च १९७२ मध्ये, इंग्लंडमध्ये त्यांच्याच पर्पल रेकॉर्ड्सवर, अमेरिकेत वॉर्नरकडून. सात गाणी, साधारण ३७ मिनिटं. इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला, अमेरिकेत सातव्यापर्यंत. गंमत अशी की सिंगल म्हणून त्यांनी निवडलं 'नेव्हर बिफोर', ज्याचं आज कुणाला नावही पटकन आठवत नाही, आणि 'स्मोक' अमेरिकेत सिंगल म्हणून यायला १९७३ उजाडलं, मग ते चौथ्या नंबरपर्यंत चढलं. 'नेव्हर बिफोर'च्या मागच्या बाजूला होतं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज', त्याच रेकॉर्डिंगमधलं संथ, जीव ओतून गायलेलं गाणं, जे ब्लॅकमोरला आवडत नव्हतं म्हणून अल्बममध्ये घेतलंच नाही. नंतरच्या बहुतेक रीइश्यूमध्ये ते बोनस म्हणून शेवटी जोडलेलं असतं. गाणं अप्रतिम आहे, पण 'स्पेस ट्रकिन'' संपल्या संपल्या ते वाजलं की मला खटकतं, अल्बम तिथे दाणकन संपायला हवा. मी प्लेलिस्टमधून ते बाजूला काढून ठेवलंय, वेगळं ऐकतो.

मग १९९७, २५ वर्षांची आवृत्ती. दोन सीडी, एकीवर मूळ मिक्सचा रीमास्टर आणि दुसरीवर खुद्द रॉजर ग्लोव्हरने केलेले रीमिक्स. माझ्या लेखी आजपर्यंतच्या सगळ्या रीइश्यूंमधलं हे सगळ्यात मोलाचं काम. कारण ग्लोव्हर त्या कॉरिडॉरमध्ये स्वतः उभा होता, बास त्याच्याच गळ्यात होता, आणि शिवाय तो स्वतः निर्माता आहे, त्यामुळे मूळ मिक्सला सुधारायला गेलोय असा आव त्यात नाही. त्याने केलं काय, तर टेपवर उरलेलं दाखवलं. जिथे मूळ मिक्समध्ये गाणं फेड होऊन विरतं तिथे तो फेडर खाली घेत नाही, बँड वाजवत राहतो आणि आपण ऐकत राहतो. 'स्मोक'च्या शेवटी तर वाजवणं थांबल्यावर गिलन माइकवर म्हणतो, ब्रेक अ लेग, फ्रँक. याचा संदर्भ असा की त्याच डिसेंबरच्या १० तारखेला, म्हणजे हे लोक माँत्रोत रेकॉर्डिंग करत होते तेव्हाच, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने फ्रँक झॅपाला स्टेजवरून खाली ढकललं, तो वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पडला, पाय मोडला आणि कित्येक महिने व्हीलचेअरवर होता. सहा दिवसांपूर्वी सामान जळालेलं आणि आता हे. गिलनचा विनोद काळा आहे पण त्या टेपवर तो आहे, आणि मूळ अल्बममध्ये तो कधीच ऐकू आला नसता.

२०१२ ला ४० वर्षांचा बॉक्स आला, चार सीडी आणि एक डीव्हीडी. त्यात नवा रीमास्टर, ग्लोव्हरचे १९९७ चे मिक्स, जुना क्वाड्रोफोनिक मिक्स आणि १९७२ चं लाइव्ह. क्वाड म्हणजे सत्तरीतली चार स्पीकरची हौस, फार चालली नाही, पण तिच्यामुळे काही अल्बमचे असे मिक्स राहिले ज्यात वाद्यं वेगळी वेगळी पसरलेली सापडतात. अभ्यासाला छान, रोजच्या ऐकण्याला नाही.

आणि आता तुमचा बॉक्स. हा आला २९ मार्च २०२४ ला, म्हणजे ५० चा म्हणतात पण हिशोबाने ५२, असो. तीन सीडी, एक एलपी, एक ब्लू-रे. मूळ मिक्सचा नवा रीमास्टर, ड्वीझिल झॅपाचा नवा स्टिरिओ मिक्स, त्याचाच डॉल्बी अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज येणारा) मिक्स, आणि दोन लाइव्ह कार्यक्रम. ड्वीझिल म्हणजे फ्रँकचाच मुलगा, बापाच्या कार्यक्रमात कॅसिनो जळाला तेव्हा दोन वर्षांचा होता. ज्या आगीमुळे गाणं जन्माला आलं त्या गाण्याच्या टेप पन्नास वर्षांनी त्याच्या हातात, मार्केटिंगवाल्यांना याहून गोड गोष्ट कुठून मिळणार. पण निव्वळ नावाखातर घेतलंय असंही नाही, ड्वीझिल स्वतः पट्टीचा गिटारिस्ट आहे आणि बापाचं संगीत वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवतोय.

त्याचा मिक्स कसा आहे? मोठा आहे. ड्रम्स पुढे, बास भरगच्च, आजच्या रॉक अल्बमच्या शेजारी लावला तर लाजणार नाही असा. गाडीत किंवा ब्लूटूथ स्पीकरवर पहिल्या दहा सेकंदांत तोच जिंकणार यात शंका नाही. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये ग्लोव्हरचा बास एकटा पुढे येतो ती जागा इथे मजा आणते. पण अख्खा अल्बम सलग ऐकताना मला थकवा येतो, आणि मुख्य म्हणजे पेस. इयन पेस हा हलक्या हाताचा ड्रमर, जॅझ ऐकून वाढलेला, त्याचं सगळं सौंदर्य हलक्या आणि जोरकस ठोक्यांच्या मधल्या जागेत आहे. ड्रम्स मोठे केले की हलके ठोके वर येतात, जोरकस ठोक्यांना वर जायला जागा उरत नाही, आणि पेस एखाद्या सर्वसाधारण दणकट ड्रमरसारखा वाटू लागतो. हे माझं मत, नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हाच मिक्स आवडलाय आणि जुन्या लोकांनी त्यावर बरीच आदळआपट केलीय, दोघांचंही मला समजतं.

अजून एक गोष्ट, जी फारसं कुणी बोलत नाही. 'स्मोक'चा मूळ ट्रॅक पॅव्हिलियनमध्ये झाला आणि बाकी गाणी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, म्हणजे जागाच वेगळी. 'मेबी आय'म अ लिओ' किंवा 'लेझी' ऐका आणि लगेच 'स्मोक' लावा, स्नेअर ड्रमभोवतीची हवा बदललेली जाणवेल. मूळ मिक्समध्ये हा फरक झाकायचा फारसा खटाटोप नाही. नव्या मिक्सवाल्यांचा कल सगळी गाणी एका साच्यात बसवण्याकडे असतो, आम्हा लोकांना शिकवलेलंच तसं असतं की अल्बम एकसंध वाटला पाहिजे. पण इथे दोन जागा ऐकू येणं म्हणजे ती अख्खी भानगड, आग, पोलीस, गाद्या, सगळं आवाजातच नोंदलेलं आहे. ते पुसायचं कशाला.

तुलना स्वतः करायची असेल तर एक पथ्य पाळा, नाहीतर सगळं फुकट. दोन आवृत्त्या ऐकताना त्यांची पातळी सारखी करा. माणसाच्या कानाला जरा मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, अगदी एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तरी, आणि नव्या आवृत्त्या जवळपास नेहमीच मोठ्या केलेल्या असतात. नव्वदीपासून सीडी एकमेकींपेक्षा मोठ्या करण्याची जी चढाओढ लागली त्यात भल्याभल्या जुन्या अल्बमांचे रीमास्टर सपाट झाले, संगणकावर उघडून बघितलं तर वरची टोकं सगळी एका पट्टीत कापलेली. तेव्हा स्ट्रीमिंग अॅपमधली आवाज समान ठेवणारी सेटिंग चालू करा, किंवा नवी आवृत्ती हाताने खाली घ्या, इतकी की गिलनचा आवाज दोन्हीत सारखाच लांब वाटेल. मग 'स्मोक'ची पहिली मिनिटभर जागा ऐका. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी), मग बाकी ड्रम्स आणि बास. चांगल्या आवृत्तीत प्रत्येक जण आत आल्यावर खोली मोठी होत गेल्यासारखी वाटते. सपाट केलेल्या आवृत्तीत एकटी गिटारच इतकी मोठी असते की बाकीचे आत आल्यावर आवाज वाढत नाही, नुसती गर्दी होते. एवढी एक जागा ऐकली तरी पुरे, बाकी काही तपासायची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे 'लेझी'ची सुरुवात, लॉर्ड एकटाच अँप पिळून काढतोय ती. तिथे मागे टेपची बारीक सळसळ ऐकू यायला हवी. ती पूर्ण गायब असेल तर नॉइज रिडक्शनचा हात जड पडलाय असं समजा, आणि सळसळीबरोबर ऑर्गनच्या सुराची वरची धारही थोडी गेलेली असते. आणि 'हायवे स्टार'चा गिटार सोलो. हा आयत्या वेळी सुचलेला नाही, ब्लॅकमोरने तो आधी सूर-सूर बसवला आणि मग त्यावर स्वतःचंच दुसरं गिटार चढवलं, मधल्या भागातली कॉर्डची चाल बाखवरून घेतलेली. दोन गिटारी एकमेकींपासून किंचित सरकलेल्या ऐकू येतात का ते बघा. गाण्याचा जन्मही झकास आहे, पोर्ट्समथला जाणाऱ्या बसमध्ये एका पत्रकाराने विचारलं गाणी कशी रचता, ब्लॅकमोरने गिटार उचलून एकच सूर झोडायला सुरुवात केली, गिलनने शब्द टाकले, आणि त्याच रात्री स्टेजवर वाजवलंसुद्धा.

आता लाइव्हबद्दल, कारण बॉक्सची खरी किंमत तिथे वसूल होते. ९ मार्च १९७२, लंडनचं पॅरिस थिएटर, बीबीसीसाठी रेकॉर्ड केलेलं. अल्बम अजून दुकानात यायचाय, लोकांनी गाणी ऐकलेली नाहीत, 'स्मोक'वर कुणी किंचाळत नाही कारण ते 'स्मोक' आहे हे कुणाला माहीतच नाही. जगातला सगळ्यात ओळखीचा रिफ अनोळखी असतानाचा असा पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. 'मेबी आय'म अ लिओ' आणि 'नेव्हर बिफोर' ही दोन गाणीही त्यात आहेत जी ते स्टेजवर फार वाजवत नसत. 'स्पेस ट्रकिन'' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे वीस मिनिटांच्या पुढे जातं. पाच महिन्यांनी जपानमध्ये जे 'मेड इन जपान' म्हणून रेकॉर्ड झालं त्याची ही रंगीत तालीम म्हणा. तिथे तेच लोक राक्षस झालेत, इथे अजून माणसं आहेत. फक्त एक, ही मैफल स्वतंत्रपणेही निघालेली आहे आणि २०१२ च्या बॉक्समध्येही होती, त्यामुळे तो तुमच्याकडे असेल तर हा मुद्दा बाद.

दुसरा कार्यक्रम एप्रिल १९७१ चा, माँत्रोच्याच त्या कॅसिनोतला, जळण्याच्या आठ महिने आधीचा. याआधी अधिकृतपणे आलेला नव्हता. आवाजाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा, दस्तऐवज म्हणून ऐकायचा, रविवारी सकाळी चहाबरोबर लावायचा नाही.

अॅटमॉसचं काय, तर घरात छताला स्पीकर असलेली व्यवस्था असेल तर जरूर ऐका, नाहीतर ब्लू-रे प्लेअरसुद्धा आता किती घरांत असतो? हेडफोनवरचा अॅटमॉस म्हणजे त्या सगळ्याची दोन कानांपुरती केलेली नक्कल, ऐकायला मजा येते, पण त्यावरून मिक्सबद्दल मत बनवू नका. एक कबूल करतो की स्टिरिओपेक्षा अॅटमॉसमध्ये ड्वीझिलचं काम मला जास्त पटलं, कारण तिथे लॉर्ड आणि ब्लॅकमोरला एकमेकांना धक्का न देता उभं राहायला खरोखरच जागा मिळते, आणि मूळ मिक्सशी बरोबरी करायचा प्रश्नच येत नाही, तो प्रकारच वेगळा.

थोडं आपल्याकडचं. बँड १९९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत वाजवून गेला, ब्लॅकमोर तेव्हा सोडून गेलेला होता आणि स्टीव्ह मोर्स नवा नवा आला होता. त्या मैफलीची 'बॉम्बे कॉलिंग' नावाची डीव्हीडीही निघाली. ते नाव नुसतं मुंबईत वाजवलं म्हणून नाही, 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडची त्याच नावाची धून आहे आणि 'चाइल्ड इन टाइम'ची चाल तिच्यावरूनच उचललेली, बँडवाले स्वतःच सांगतात. ब्लॅकमोरवेडे मोर्सला नाकं मुरडतात, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये लॉर्ड आणि पेस काय वाजवतायत ते ऐका आधी.

शेवटी पैशाचं. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल आणि ऐकायला साधा बरा सेटअप असेल तर माझा क्रम असा: १९९७ ची दोन सीडींची आवृत्ती जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन सेकंडहँड मिळाली तर ती पहिली, मूळ मिक्स आणि ग्लोव्हरचा मिक्स दोन्ही एका जागी मिळतात आणि बॉक्सच्या तुलनेत किरकोळ खर्च. त्यानंतर १९७२ चं लाइव्ह वेगळं. एवढ्यात माझ्या मते मशीन हेडचा संसार पूर्ण होतो. बॉक्स बाहेरून मागवणार असाल तर छापील किमतीवर शिपिंग आणि कस्टम्स किती लागेल ते आधी विचारून घ्या, एलपी आत असल्यामुळे पार्सल जड आणि मोठं असतं, आणि कोपरे दबून आलं तर परत पाठवण्याचा खर्च वेगळाच. एलपीच हवी असेल तर सत्तरीतली इंग्लिश किंवा जपानी प्रत चांगल्या अवस्थेत शोधा, पण विकणारा मिंट (नव्यासारखी) म्हणतोय म्हणून विश्वास ठेवू नका, 'लेझी'च्या सुरुवातीचा अर्धा मिनिट वाजवून त्याचा व्हिडिओ पाठवायला सांगा, ऑर्गन एकटा असल्यामुळे रेघोट्या आणि खरखर तिथे लगेच उघड्या पडतात. टाळाटाळ केली तर सोडून द्या, ही एलपी दुर्मिळ नाही, महिनाभरात दुसरी मिळेल.